एक क्षण, दोन कॅमेरे

१८५३ सालच्या १६ एप्रिल रोजी बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी आली व पुढील वर्षी ती कल्याणास पोहोचली; परंतु धावत्या गाडीचे छायाचित्र त्या काळच्या ओल्या काचेवर उतरविणे सामान्यतः अशक्यच होते. १८७८ मध्ये अमेरिकेत मायब्रिजने घोड्याच्या वाटेवर दोरे ताणून बारा कॅमेरे ओळीने चालविले. तेथे हुकूम देणारा घोडाच!

आज पहिल्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा विद्युत्संकेत तारेने दुसऱ्यास पोहोचवितात, आणि दोन्ही चित्रे एकाच क्षणाची असे सर्रास समजले जाते. आम्हांस हे मान्य नाही. तो संकेत सुटतो तो पहिल्याची झडप पुरती उघडल्यावर. त्यानंतर दुसऱ्याचे यंत्र हलावयाचे. हा विलंब १/२० सेकंद धरला, तरी डोंबिवलीवरून ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तेवढ्यात सुमारे ८३ सेंटिमीटर पुढे सरकते. दारात लोंबकळणारा उतारू एका चित्रात खांबाच्या अलीकडे, दुसऱ्यात पलीकडे! अपघाताच्या चौकशीत अशी चित्रे आली, तर खोटे कोणास म्हणावयाचे? दोन्ही कॅमेरे एकाच जातीचे घेऊन एकाच कळीला जोडले, तर मात्र हे अंतर बहुतेक मिटते.