टाइल्स बसवण्यापूर्वी काँक्रीटच्या जमिनीची तयारी

गोदामाचे कार्यालय होते, गॅरेजच्या जागी दुकान उभे राहते. अशा जागांतील जमीन बहुधा काँक्रीटची असते आणि धूळ उडू नये, तेल मुरू नये म्हणून तिच्यावर अनेकदा सीलर लावलेला असतो. या गुळगुळीत जमिनीवर थेट टाइल्स बसवल्या, तर काम सुरुवातीस सुबक दिसते. पण पुढे टाइल्सखालून पोकळ आवाज येऊ लागतो आणि अखेर त्या सुटतात.

सिमेंटयुक्त टाइल अॅडहेसिव्ह काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांत शिरून पकड घेते. सीलर नेमकी हीच छिद्रे बुजवतो. म्हणून प्रथम पाण्याची चाचणी घ्यावी. जमीन झाडून चार-पाच ठिकाणी पाण्याचे थेंब टाकावेत. पाणी मुरून काँक्रीट गडद झाले, तर जमीन शोषक आहे. थेंब दहा मिनिटांनंतरही तसेच राहिले, तर सीलर किंवा तेलाचा थर आहे असे समजावे.

तेलकटपणा आधी डिटर्जंटने धुऊन काढावा. सीलरसाठी डायमंड व्हीलच्या ग्राइंडरने जमीन घासणे हा खात्रीचा उपाय. आम्लाची प्रक्रिया सिमेंटवर होते. अॅक्रिलिक वा इपॉक्सीच्या थरावर त्याचा उपयोग होत नाही. छिन्नीने केवळ टाचे मारणेही पुरेसे नाही, कारण दोन टाच्यांमधला सीलर तसाच राहतो. घासताना उडणाऱ्या सिलिकाच्या धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य विकार जडू शकतो. त्यामुळे यंत्राला धूळ ओढणारा व्हॅक्यूम जोडावा आणि कामगारांना साधा रुमाल नव्हे, तर योग्य दर्जाचा मास्क द्यावा. काम झाल्यावर पाण्याची चाचणी पुन्हा घ्यावी.

घासणे शक्यच नसल्यास सीलरवर चालणारा बाँडिंग प्रायमर वापरता येतो. मात्र मूळ थर घट्ट असावा आणि अॅडहेसिव्ह त्या प्रायमरशी जुळणारे असावे. जाड थराचा मोह टाळावा. वाळू-सिमेंटच्या ५० मिलिमीटर थराने दर चौरस मीटरला सुमारे १०० किलो भार वाढतो. वरच्या मजल्यावर तो स्लॅबला पेलेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारावे.

यानंतर पातळी तपासावी. मोठ्या टाइल्ससाठी दहा फुटांत तीन मिलिमीटरहून अधिक चढउतार नसावा. काँक्रीटमधील हालचालीचे सांधे टाइल्सखाली बुजवू नयेत. ते वरपर्यंत आणून लवचीक सीलंटने भरावेत. भिंतीलगतही थोडी फट ठेवावी. अॅडहेसिव्ह भारतीय मानक १५४७७ नुसार असल्याची खात्री करावी.

घासण्याचा खर्च कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकात स्वतंत्रपणे लिहून घ्यावा आणि पहिली टाइल लागण्यापूर्वी पाण्याची चाचणी स्वतःच्या डोळ्यांदेखत करून घ्यावी. एकदा टाइल्स बसल्या, की खालची चूक त्या उखडल्याशिवाय दुरुस्त करता येत नाही.