परिषदेतील शोधसारांशांचे प्रकाशन (वैद्यक)

वैद्यकीय परिषदेत भाषण किंवा पोस्टर या रूपाने मांडलेले संशोधन पुढे शोधपत्रिकेत पूर्ण शोधनिबंध म्हणून प्रसिद्ध होणे. मांडलेल्या सारांशांपैकी जेवढे ठरावीक मुदतीत असे छापून येतात, त्यांच्या टक्केवारीला प्रकाशन-प्रमाण म्हणतात.

मोजणी : एखाद्या परिषदेचे सारांश घेऊन काही वर्षांनी मेडलाइनसारख्या सूचीत लेखकांची नावे व विषयवाचक शब्द यांवरून शोध घेतात. दरम्यान शीर्षक बदललेले असते, रुग्णसंख्या वाढलेली असते, लेखकांचा क्रमही मागेपुढे झालेला असतो. त्यामुळे सारांश आणि निबंध एकाच संशोधनाचे आहेत का, हे ताडून पाहावे लागते.

प्रमाण : रॉबर्टा शेरर व सहकाऱ्यांनी 1994 मध्ये केलेल्या एकत्रित विश्लेषणात सुमारे निम्मे सारांश प्रकाशित झालेले आढळले. त्यांच्याच पुढाकाराने झालेल्या 2018 च्या कॉक्रेन आढाव्यात 425 अहवालांतील 3,07,028 सारांश होते. त्यांचे एकूण प्रमाण 37.3 टक्के, तर यादृच्छिक नियंत्रित चाचण्यांचे 59.8 टक्के निघाले. होकारार्थी निष्कर्षांचे आणि पोस्टरऐवजी भाषणासाठी निवडलेले सारांश अधिक प्रमाणात छापले जातात.

अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीच्या 1989 ते 1998 या काळातील वार्षिक सभांत मांडलेल्या 510 मोठ्या कर्करोग-चाचण्यांपैकी 26 टक्के चाचण्या पाच वर्षांनंतरही पूर्ण प्रसिद्ध झालेल्या नव्हत्या. संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय निष्कर्ष असलेल्यांपैकी 81 टक्के, तर तसे नसलेल्यांपैकी 68 टक्के या मुदतीत छापल्या गेल्या होत्या.

कारणे : शोधपत्रिकेचा नकार हे मुख्य कारण नाही, बरेच निबंध कुठे पाठवलेच जात नाहीत. लेखकांना विचारले असता ते सर्वाधिक वेळा वेळेचा अभाव सांगतात. आधी परिषदेत मांडल्यामुळे निबंध बाद होतो असेही नाही. वैद्यकीय शोधपत्रिकांच्या संपादकांचे आंतरराष्ट्रीय संकेत असे सादरीकरण पूर्वप्रकाशन मानत नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेच्या जुन्या पदव्युत्तर नियमांत विद्यार्थ्याने एक पोस्टर मांडणे, राज्य किंवा राष्ट्रीय परिषदेत एक पेपर वाचणे आणि एक शोधनिबंध प्रकाशित, स्वीकृत किंवा प्रकाशनासाठी पाठवलेला असणे अपेक्षित होते. निबंध नुसता पाठवला तरी अट पुरी होत असे.

परिणाम : सारांश काही शे शब्दांचा असतो, त्यात पद्धतीचा तपशील मावत नाही आणि आकडे अनेकदा अंतरिम असतात. वगळले जाणारे संशोधन सरसकट वगळले गेले असते, तर फक्त माहिती कमी पडली असती. प्रत्यक्षात ‘फरक आढळला नाही’ असे सांगणारे संशोधन अधिक गळते आणि छापील साहित्यावर बेतलेल्या आढाव्यांत उपचार आहे त्याहून गुणकारी दिसतो. म्हणून आढावा घेणारे परिषदांचे सारांश आणि चाचण्यांच्या नोंदवह्याही धुंडाळतात. भारतात अशी नोंदवही 2007 पासून असून 15 जून 2009 पासून औषधचाचण्यांची नोंद तीत सक्तीची आहे. सुरुवातीलाच नोंदलेली चाचणी पुढे छापली गेली नाही, तरी ती हाती घेतली होती एवढे नोंदवहीवरून कळते. तिचा निष्कर्ष मात्र संशोधकाने जाहीर केल्याशिवाय कळत नाही.