घुमार काढून टाकलेला आवाज : स्लेअर, १९८६ आणि २९ मिनिटांचा एक अल्बम

७ ऑक्टोबर १९८६ रोजी अमेरिकेत स्लेअर या बँडचा 'रेन इन ब्लड' हा तिसरा अल्बम प्रसिद्ध झाला. दहा गाणी, सगळी मिळून सुमारे २९ मिनिटे. (शीर्षकातले 'रेन' म्हणजे राज्य, पाऊस शेवटच्या गाण्यात येतो, आणि हा श्लेष मुद्दाम साधलेला आहे.) थ्रॅश मेटलचा इतिहास सांगणारे बहुतेक जण या अल्बमला 'सर्वांत वेगवान', 'सर्वांत भीषण' अशी विशेषणे लावून मोकळे होतात. मला मात्र त्याचे नावीन्य त्याने काय काय काढून टाकले यात दिसते. त्याच्यावरून जो वाद पेटला, तोही काढून टाकलेल्या एका गोष्टीचाच होता.

आधी थोडी पार्श्वभूमी. ब्रिटिश हेवी मेटलची वादनपद्धती आणि अमेरिकन हार्डकोर पंकची घाई यांच्या संकरातून १९८०च्या दशकाच्या आरंभी थ्रॅश जन्माला आला. कॅलिफोर्निया हे त्याचे एक मोठे केंद्र होते. स्लेअरची स्थापना १९८१ मध्ये लॉस एंजेलिसलगतच्या हंटिंग्टन पार्कमध्ये झाली. गायक आणि बेसवादक टॉम अराया चिलीत जन्मलेला, ड्रमवादक डेव्ह लोंबार्डो हवानात जन्मलेला. गिटारवर केरी किंग आणि जेफ हॅनमन. अराया पोटासाठी रुग्णालयात श्वसनोपचाराचे काम करीत असे. त्याची शिल्लक आणि किंगच्या वडिलांकडून घेतलेले उसने पैसे यांवर १९८३चा पहिला अल्बम निघाला. नंतरच्या कीर्तीमुळे ही मंडळी जन्मतःच कुणी राक्षस होती असे वाटते; प्रत्यक्षात ती स्थलांतरितांच्या आणि कष्टकऱ्यांच्या वस्तीतली विशीतली पोरे होती.

१९८५चा त्यांचा दुसरा अल्बम 'हेल अवेट्स' म्हणजे सात लांबलचक गाणी, वळणावळणांची रचना आणि तळघरातून आल्यासारखा घुमणारा आवाज. त्या काळी या संगीतप्रकाराचा ओघच विस्ताराकडे होता. मार्च १९८६ मध्ये आलेला मेटॅलिकाचा 'मास्टर ऑफ पपेट्स' आठ गाण्यांत सुमारे ५५ मिनिटे घेतो आणि त्याची सुरुवात शांत, अकूस्टिक गिटारने होते. थ्रॅशला प्रौढ व्हायचे असेल तर लांब आणि गुंतागुंतीचे व्हावे लागेल, असा सर्वसाधारण समज होता. स्लेअर नेमका उलट दिशेने निघाला.

याचे श्रेय दोघांना द्यावे लागेल. पहिला हॅनमन. हार्डकोर पंकच्या तबकड्यांचे वेड त्यानेच बँडमध्ये आणले. ब्लॅक फ्लॅग, डेड केनेडीज, मायनर थ्रेट यांची दीड-दोन मिनिटांत संपणारी गाणी त्याच्या कानात होती. दुसरा निर्माता रिक रुबिन, आणि त्याची गोष्ट अधिक रंजक आहे.

रुबिन हा रॅपवाला. १९८४ मध्ये न्यू यॉर्क विद्यापीठाच्या वसतिगृहातील खोलीतून त्याने डेफ जॅम ही कंपनी सुरू केली आणि पुढे रसेल सिमन्स तिच्यात भागीदार झाला. एलएल कूल जेच्या १९८५च्या 'रेडिओ' या अल्बमवर रुबिनच्या नावापुढे 'निर्माता' असे लिहिलेले नाही. 'हे रिक रुबिनने कमी केले' अशा अर्थाचा शब्द आहे. थट्टेने लिहिलेला असेल, पण त्याची सगळी कार्यपद्धती त्या एका शब्दात येते. ड्रम मशीन, एक आवाज, मध्ये मोकळी जागा. बाकी सारे बाहेर. मेटलचा अल्बम करण्याचा अनुभव त्याच्या गाठीशी नव्हता, आणि माझ्या मते हेच त्याचे बलस्थान ठरले. मेटल 'कसे वाजायला हवे' याचे संस्कारच त्याच्यावर नव्हते.

आता तांत्रिक भाग. तो ओलांडून पुढे जाऊ नका, कारण सगळी गंमत इथेच आहे. देवळाच्या गाभाऱ्यात टाळी वाजवून पाहा. टाळी संपते, आवाज संपत नाही. भिंतींवरून परतत राहतो. हा घुमार ध्वनिमुद्रणात कृत्रिमरीत्या मिसळता येतो, आणि १९८०च्या दशकातील रॉक व मेटलमध्ये तो सढळ हाताने मिसळला जाई. त्याने आवाज भव्य होतो. संथ गाण्याला तो शोभतो. पण मिनिटाला दोनशेहून अधिक ठोक्यांच्या लयीत एका ठोक्याचा घुमार विरण्याआधी पुढचे दोन-तीन ठोके येऊन आदळतात आणि सगळ्याचा चिखल होतो. ताशाची तर्री मोकळ्या रस्त्यावर ऐकणे आणि तीच बंद सभागृहात ऐकणे यांत जो फरक आहे, तोच इथे आहे. म्हणजे वेगवान बँड जितके वेगवान वाजवत, तितके ते तबकडीवर मंद आणि धूसर ऐकू येत.

१९८६च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसमध्ये मुद्रण झाले, तेव्हा रुबिन आणि ध्वनितंत्रज्ञ अँडी वॉलेस यांनी हा घुमार जवळजवळ पूर्ण काढून टाकला. परिणाम असा की गिटारचा प्रत्येक घाव सुटा ऐकू येतो आणि ड्रमचे कातडे कानाशी दोन इंचांवर वाजते आहे असे वाटते. अंतरच नाहीसे होते. घुमार म्हणजे ऐकणाऱ्याला मिळालेली सुरक्षित जागा असते. इथे ती जागाच नाही.

मग लांबी. अल्बममधली पहिली आणि शेवटची गाणी चार मिनिटांच्या पुढे जातात. उरलेल्या आठांपैकी एकही साडेतीन मिनिटांपर्यंत पोचत नाही, आणि 'नेक्रोफोबिक' तर दोन मिनिटांच्या आतच संपते. कडवी पुन्हा पुन्हा वाजवण्याची रीत मोडीत काढली गेली. काही गाण्यांमध्ये विरामही नाही. 'पोस्टमॉर्टेम' थेट 'रेनिंग ब्लड'मध्ये शिरते. अल्बम इतका आखूड झाला की कॅसेटच्या दोन्ही बाजूंवर तो अख्खा पुन्हा मुद्रित केला गेला. बाजू पालटली की पुन्हा पहिल्यापासून. आजच्या 'रिपीट'ची ही जुनी आवृत्तीच म्हणा ना.

या कोरड्या आवाजाचा सर्वाधिक लाभ लोंबार्डोला झाला. पहिल्याच गाण्यात, 'एंजल ऑफ डेथ'मध्ये, शेवटाकडे बाकीची वाद्ये गप्प होतात आणि दोन्ही पायांनी वाजवलेल्या बेस ड्रमची एक छोटी लड एकटीच ऐकू येते. काही सेकंदांचाच हा तुकडा. घुमारात तो नुसता गडगडाट झाला असता. इथे त्यातला प्रत्येक ठोका मोजता येतो. मेटलच्या ड्रमवादकांच्या पुढच्या पिढीने हा तुकडा पाठ केला आहे.

आणि आता याच गाण्याच्या विषयाकडे यावे लागेल. 'एंजल ऑफ डेथ' हे ऑशविट्झ छावणीतील डॉक्टर योझेफ मेंगेले याच्याविषयी आहे. मे १९४३ ते जानेवारी १९४५ या काळात तो तिथे होता; गॅस चेंबरसाठी माणसे निवडणे आणि कैद्यांवर, विशेषतः जुळ्या मुलांवर, अमानुष प्रयोग करणे ही त्याची कृत्ये. १९४९ मध्ये तो अर्जेंटिनाला पळाला आणि अखेरपर्यंत कुणाच्या हाती लागला नाही.

हे गाणे १९८६ मध्येच का आले, हे समजण्यासाठी आधीचे वर्ष पाहा. १९८५च्या जानेवारीत ऑशविट्झच्या मुक्ततेला चाळीस वर्षे झाली, आणि मेंगेलेच्या प्रयोगांतून वाचलेली जुळी भावंडे, आता प्रौढ झालेली, पुन्हा त्या जागी गेली. फेब्रुवारीत जेरुसलेममध्ये त्याच्यावर त्याच्या अनुपस्थितीत जाहीर साक्षींचा प्रतीकात्मक खटला चालवला गेला. मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी पश्चिम जर्मनीतील बिटबुर्गच्या दफनभूमीला भेट दिली. तिथे वाफेन-एसएसच्या सैनिकांच्याही कबरी असल्याने अमेरिकेत संतापाची लाट उठली. जूनमध्ये ब्राझीलमधील एंबू येथे एक कबर उकरली गेली. दुसऱ्याच नावाने पुरलेला तो मृतदेह मेंगेलेचा निघाला. १९७९ मध्येच तो समुद्रात पोहताना मेला होता. (डीएनए चाचणीने यावर शिक्कामोर्तब १९९२ मध्ये झाले.) त्याच वर्षी क्लोद लान्झमानचा नऊ तासांहून मोठा 'शोआ' हा माहितीपट आला. म्हणजे हॅनमन मेंगेलेवरची पुस्तके वाचत होता, तेव्हा सारे जगच ते प्रकरण वाचत होते.

आणखी एक धागा अमेरिकेच्या अंतर्गत राजकारणाचा. सप्टेंबर १९८५ मध्ये सिनेटच्या समितीपुढे रॉक गीतांतील हिंसा आणि अश्लीलता यांवर सुनावणी झाली, आणि पालकांना सावध करणारी चिठ्ठी तबकड्यांवर लावण्यास कंपन्या राजी झाल्या. मोठ्या कंपन्या धास्तावल्या होत्या. डेफ जॅमचे वितरण करणाऱ्या कोलंबियाने मेंगेलेचे गाणे आणि लॅरी कॅरलचे नरकदृश्याचे मुखपृष्ठ पाहून अल्बम वितरित करण्यास नकार दिला. शेवटी गेफन कंपनीने तो बाजारात आणला. पण स्वतःच्या प्रकाशन-वेळापत्रकात त्याचा उल्लेख केला नाही. आकाशवाणीवर तो जवळजवळ वाजलाच नाही, तरी बिलबोर्डच्या यादीत ९४व्या क्रमांकापर्यंत पोचला.

आक्षेप काय होता? गाणे प्रयोगांचे वर्णन करते, पण त्यांचा निषेध पुरेशा स्पष्टपणे करीत नाही. हॅनमनचे उत्तर असे की तो माणूस दुष्ट होता हे उघड आहे, ते मी वेगळे सांगायची गरज नाही. मजकूर पाहिला तर त्यात कसाई, क्रूर अशा अर्थाचे शब्द येतात. गौरवाचा सूर मला तरी सापडत नाही. स्वतः रुबिन ज्यू कुटुंबातला. पण बचाव इतक्यावर संपत नाही. हॅनमनला जर्मन युद्धपदके जमवण्याचा नाद होता, बँडच्या चाहता-मंडळाच्या नावात 'वेरमाख्ट' हा शब्द होता, आणि हे सारे धक्का देण्यासाठी वापरले जात होते. वडील नॉर्मंडीत जर्मनांविरुद्ध लढलेले असले म्हणून मुलाची ही आवड निरुपद्रवी ठरत नाही. 'आम्ही फक्त वर्णन करतो' म्हणणाऱ्याने आपण कोणती चिन्हे मिरवतो याचेही उत्तर द्यायला हवे.

इथे 'शोआ'शी तुलना उपयोगी पडते. लान्झमाननेही काढून टाकले: त्याच्या माहितीपटात जुन्या काळातले एकही चित्रीकरण नाही. पण त्याने मोकळी केलेली सगळी जागा साक्षीदारांना दिली. वाचलेली माणसे बोलतात, गप्प होतात, पुन्हा बोलतात. स्लेअरने ध्वनीतून घुमार काढला आणि आशयातून साक्षीदार काढले. उरला फक्त गुन्हेगार आणि त्याची कृत्ये. जुळ्या मुलांपैकी एकाचेही नाव त्या गाण्यात नाही. ज्या कोरडेपणाने संगीत श्रेष्ठ झाले, त्याच कोरडेपणाने इतिहास अपुरा राहिला, असे माझे मत आहे. हे गाणे ऐकून मेंगेलेविषयी वाचू लागलेले श्रोते कमी नाहीत, हेही तितकेच खरे. मात्र वाचायला लावणे हे गाण्याचे श्रेय असले तरी समजावणे हे पुस्तकाचेच काम राहते.

प्रभावाबद्दल बोलायचे तर फ्लोरिडातील डेथ मेटल सर्वांत आधी. डेथचा 'स्क्रीम ब्लडी गोर' १९८७चा, मॉर्बिड एंजलचा 'ऑल्टर्स ऑफ मॅडनेस' १९८९चा. वेग आणि स्पष्टता एकत्र नांदू शकतात, हा धडा या सगळ्यांना 'रेन इन ब्लड'ने आयता दिला होता. कॅनिबल कॉर्प्सचा ड्रमवादक पॉल माझुर्किविच याने लोंबार्डोचे ऋण उघडपणे मान्य केले आहे. ब्राझीलमध्ये सेपल्टुराने हीच दिशा धरली, आणि १९९३चा त्यांचा 'केऑस ए.डी.' तर अँडी वॉलेसनेच निर्मिला. दरम्यान, १९९१ मध्ये निर्वाणाच्या 'नेव्हरमाइंड'चे मिश्रणही याच वॉलेसने केले होते. नव्वदच्या दशकातील रॉकचा आवाज ज्यांनी घडवला त्यांतला एक जण अशा रीतीने थ्रॅशच्या वाटेने आला.

मेटलबाहेरचा प्रवास मला अधिक आवडतो. १९८८ मध्ये पब्लिक एनिमीने 'शी वॉच चॅनल झीरो?!' या गाण्यासाठी 'एंजल ऑफ डेथ'च्या मधल्या संथ रिफचा तुकडा उचलला. रॅपच्या निर्मात्याने मेटलला दिलेला आवाज दोन वर्षांत रॅपकडे परत गेला. २००१ मध्ये टोरी एमसने 'रेनिंग ब्लड' पियानोवर, अतिसंथ लयीत गायले. वेग पूर्ण काढला तरी गाणे उभे राहते हे त्यातून दिसले. आणि रुबिनने १९९४ मध्ये जॉनी कॅशला एका गिटारसह एकटे बसवून जो अल्बम केला, तिथेही तीच सवय: कमी करा.

स्वतः स्लेअरला मात्र ठाऊक होते की हे पुन्हा जमणार नाही. १९८८च्या 'साउथ ऑफ हेवन'मध्ये त्यांनी जाणीवपूर्वक लय उतरवली. हॅनमन मे २०१३ मध्ये गेला. ३० नोव्हेंबर २०१९ रोजी बँडने 'अखेरचा' म्हणून जाहीर केलेला कार्यक्रम इंगलवुडमध्ये, म्हणजे हंटिंग्टन पार्कपासून काही मैलांवर, झाला आणि त्यातले शेवटचे गाणे 'एंजल ऑफ डेथ' होते. २०२४ मध्ये ते पुन्हा मंचावर आले, तेव्हा यादीत हे गाणे होतेच.