सुरस, चमत्कारिक आणि मोठ्यांसाठी

दहाव्या शतकात बगदादमध्ये इब्न अल्-नदीम नावाचा एक ग्रंथविक्रेता होता. त्या काळी अरबीत मिळणाऱ्या पुस्तकांची त्याने एक प्रचंड सूची केली. तिचे नाव ‘किताब अल्-फिहरिस्त’. त्या सूचीत ‘हजार अफसाना’ या फारसी ग्रंथाची नोंद आहे. राणीला एका रात्रीनंतर ठार करणारा राजा आणि गोष्ट अर्धी ठेवून जीव वाचवणारी शहरजाद, हीच ती कथा. नोंदीच्या शेवटी सूचीकार आपले मतही देतो. त्याचा आशय असा, की हे पुस्तक मी अनेकदा पूर्ण पाहिले आहे आणि ते अगदी सुमार, रसहीन आहे. आता सांगा, सुमार पुस्तक कोणी अनेकदा पूर्ण पाहतो का?

अद्भुत कथेच्या नशिबी हे पहिल्यापासूनच आले आहे. वाचायचे सगळ्यांनी, मान द्यायचा नाही कोणी.

या गोष्टी युरोपात नेल्या आंत्वान गालाँ या फ्रेंच विद्वानाने. १७०४ ते १७१७ या काळात त्याचे खंड निघाले. त्यातले अल्लाउद्दीन आणि अलीबाबा मात्र त्याच्या जुन्या अरबी हस्तलिखितात नव्हते. सीरियातल्या हलब शहराचा हन्ना दियाब नावाचा एक तरुण पॅरिसला आला होता. त्याने १७०९ मध्ये त्या गोष्टी गालाँला तोंडी सांगितल्या. म्हणजे जगातली सर्वांत प्रसिद्ध पुस्तकी गोष्ट एका वाटसरूच्या तोंडून आलेली!

मराठीत या गोष्टी आणल्या कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी. १८६० च्या दशकात त्यांनी इंग्रजीवरून ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ हे काम हाती घेतले. ते पुरे करण्यात पुढे त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांचाही हात लागला. होय, ‘निबंधमाले’चे तेच करारी विष्णुशास्त्री. याच दशकात हळब्यांची ‘मुक्तामाला’ आणि रिसबुडांची ‘मंजुघोषा’ या अद्भुतरम्य कादंबऱ्या निघाल्या. त्या वाचणारी मंडळी शिकलेली, नोकरीधंद्याची, मिशा फुटलेली होती. योगायोग असा, की १८६७ मध्ये भुसावळहून अकोला, बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत रेल्वे सुरू झाली. कापसाचे गठ्ठे मुंबईकडे निघाले आणि मुंबई-पुण्याची छापील पुस्तके वऱ्हाडात यायला वाट मोकळी झाली.

१८८५ मध्ये हरिभाऊ आपट्यांची ‘मधली स्थिती’ आली आणि मराठी कादंबरी घरातल्या, समाजातल्या खऱ्या दुःखांकडे वळली. ते आवश्यकच होते. विधवेचे केशवपन चालू असताना पऱ्यांच्या महालात किती रमायचे? पण त्या वळणावर अद्भुत कथा हळूहळू मुलांच्या कपाटात गेली. पुढे १९५२ मध्ये मराठी ‘चांदोबा’ निघाला आणि विक्रम-वेताळ पोरासोरांचेच झाले.

आम्हा वऱ्हाडातल्या उर्दू बोलणाऱ्या घरांत आणखी एक वाट होती. लखनौच्या मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्याने १८८३ ते १८९३ या दहा वर्षांत ‘तिलिस्मे होशरुबा’चे खंड छापले. अमीर हमजाच्या सगळ्या दास्तानी मिळून ते काम शेचाळीस खंडांवर गेले. माझ्या अम्मीने त्यातले एक पानही वाचलेले नव्हते. तिच्याकडे त्या गोष्टी कानोकानी आलेल्या. त्यामुळे तिचा कोहकाफ पर्वत परतवाड्याच्या पुढे, गाविलगडाच्या बाजूला होता आणि अय्यार चिखलदऱ्याच्या धुक्यात दिसेनासे व्हायचे.

मी अकोल्यात बी. ए. झालो, कविता लिहू लागलो. आमच्या पिढीला दुष्काळ, दंगल, गिरणी, कर्ज यांवर लिहायचे होते. पन्नाशीनंतर अम्मीची नजर गेली. ती अंथरुणाला खिळली, तेव्हा तिला रात्री काही वाचून दाखवावे म्हणून वाचनालयातून गौरी देशपांडे यांनी केलेल्या ‘अरेबियन नाइट्स’च्या मराठी अनुवादाचा पहिला खंड आणला. बर्टनच्या इंग्रजी ग्रंथावरून केलेले हे सोळा खंडांचे काम आहे आणि ते मुलांसाठी मुळीच नाही. त्यात फसवणूक आहे, वासना आहे, व्यापारातले बुडीत कर्ज आहे, मरणाची भीती आहे. काही पाने मी मुकाट्याने उलटत असे.

मी मराठीत वाचायचो, ती तिच्या भाषेत अडवायची. “ऐसा नै है रे, कोळी पहले जाल फेंकता.” कोळ्याच्या जाळ्यात सापडलेल्या तांब्याच्या सुरईतला जिन्न शेकडो वर्षे सुटकेची वाट पाहतो. आधी तो सोडवणाऱ्याला संपत्ती द्यायचे ठरवतो. नंतर वाट पाहून इतका कडवट होतो, की जो सोडवील त्यालाच मारायची शपथ घेतो. लहानपणी मला त्यातला धूर आवडायचा. आता त्या जिन्नाचा राग कळला. अशी माणसे मी मोंढ्यात, कचेरीत, आमच्या मोहल्ल्यात पाहिली आहेत. पुस्तक बाजूला ठेवून मी दिवा मालवायचो, तेव्हा ती विचारायची, “आगे क्या हुआ?” मी म्हणायचो, “कल.” दुसरा खंड निम्मा झाला तेव्हा ती गेली. उरलेले खंड मी एकट्याने वाचले, आणि शोक असूनही त्यांत मला निखळ सुख मिळाले.

शहरजादच्या गोष्टी ऐकणारा मूल नव्हता, हे आपण विसरतो. तो विश्वासघाताने आतून करपलेला, हातात सत्ता असलेला प्रौढ पुरुष होता. त्याला उपदेश करून उपयोग नव्हता. एक हजार एक रात्री, म्हणजे पावणेतीन वर्षे, त्याला जिन्न, उडते घोडे आणि बुडालेली शहरे ऐकवावी लागली, तेव्हा कुठे त्याची तलवार म्यान झाली.