धागा वर की खाली?

तुम्ही बारा वर्षांचे आहात. फ्रान्समधलं ल्यों शहर, अठराव्या शतकाची अखेर. उंच मागाच्या कडेला तुम्ही उभे आहात, हातात दोऱ्यांचे जुडगे. विणकर हाक देतो, तुम्ही एक जुडगा ओढता, ठरलेले उभे धागे वर उचलले जातात आणि त्यांच्याखालून धोटा सरकतो. सोडा. आता पुढचा. संध्याकाळपर्यंत खांदे भरून येतात. रेशमावर गुलाब उमलतोय म्हणतात, पण तुमच्या जागेवरून तो दिसत नाही.

१८०४ साली हातातल्या दोऱ्या सुटतात. जोसेफ-मारी जॅकार्ड यांनी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागाच्या डोक्यावर चढवली आहे. भोक असेल तिथे सुई आरपार जाते आणि धागा उचलला जातो. भोक नसेल तर तो खालीच राहतो. आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेरीला एक पुठ्ठा. नक्षी लक्षात ठेवण्याचं काम पुठ्ठ्यांनी घेतलं.

आता तुम्ही लंडनमध्ये, गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांच्या दिवाणखान्यात आहात. भिंतीवर जॅकार्ड यांचं चित्र आहे. पाहुण्यांना ते छापील वाटतं. तुम्ही जवळ जाता: रेशमात विणलेलं आहे, सुमारे २४,००० पुठ्ठ्यांच्या हुकमावर! बॅबेज यांच्या नियोजित गणनयंत्रालाही असेच पुठ्ठे लागणार आहेत, आणि १८४३ मध्ये गणितज्ञ एडा लव्हलेस त्या यंत्राची तुलना थेट फुलं-पानं विणणाऱ्या मागाशी करतात.

सव्वाशे वर्षं ओलांडा. अमेरिकेतल्या वॉल्थॅम शहरातल्या एका कारखान्यात तुम्ही बाकावर बसला आहात. समोरच्या बाईच्या हातात सुई आहे, सुईत तांब्याची तार. चुंबकीय कड्यातून तार गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. अपोलो यानाच्या संगणकाची स्मृती ती हाताने गुंफते आहे. एक तार चुकली की आज्ञा चुकली. माणूस चंद्रावर उतरेल तो या गुंफणीच्या भरवशावर. पण आपण गुंफलेल्या आज्ञेचा अर्थ तिला कुणी सांगितलेला नाही. ल्योंमध्ये दोऱ्या ओढणारा, गुलाब न दिसणारा तो मुलगा तुम्हाला आठवतो.

म्हणून कॅलिफोर्नियात, विणकर-कलाकार लिया कुक यांच्या मागापाशी तुम्ही जरा जास्त थांबता. त्यांच्याच लहानपणीचा फोटो संगणकात आहे. प्रत्येक उभा धागा सुटा उचलायला संगणक सांगतो, पण धोटा फेकतो तो हात. लांबून पाहिलं तर लहान मुलीचा चेहरा. दोन पावलं पुढे गेलात की चेहरा विरतो, उरतात नुसते धागे. विणलेला चेहरा आणि त्याच चेहऱ्याचा फोटो पाहताना मेंदूत काय वेगळं घडतं, हे लिया कुक यांनी मेंदूशास्त्रज्ञांबरोबर मोजून पाहिलं, आणि मेंदूतल्या तंतूंची चित्रंही कापडात आणली. इथे चित्र निवडणारी, आज्ञा देणारी आणि विणणारी व्यक्ती एकच आहे. संगणक इथे परका वाटत नाही, कारण माग हे त्याचं माहेरच आहे.

शेवटचा मुक्काम येवला. खड्ड्यात पाय सोडून तुम्ही मागावर बसता. उभ्या धाग्यांखाली आलेखाचा कागद, वर रंगीबेरंगी रेशमाच्या तिल्ल्या. पैठणीच्या पदरावर बांगडी मोर विणायचा आहे. मोराचा निळा रंग मोराच्या हद्दीपर्यंत न्यायचा, शेजारच्या जरीत अडकवायचा, तिथूनच मागे वळवायचा. ही वळणं इथे बोटंच घेतात. म्हणून तर पदर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखाच दिसतो.

उद्या हा आलेख संगणकावर काढला जाईल, काही घरांत तो आजही निघत असेल. त्याने पैठणी बाटत नाही. बाटते ती आलेख एकाचा आणि खांदे दुसऱ्याचे झाले की. आलेख वाचणं, बदलणं, त्यावर आपलं नाव घालणं हा मागावर बसलेल्याचाच हक्क आहे.

मोराचा डोळा आला. कागदावर तो एक चौकोन आहे. हिरवी की लाल? तुम्ही हिरवी तिल्ली उचलता, दोन धागे वर करता आणि मान खाली घालून पाहता. या जागेवरून मोर अख्खा दिसतो.