हायड्रोजनच्या वर्णरेषा मोजाव्यात कशा?

बुलडाणा (प्रतिनिधी) - हायड्रोजनमधील इलेक्ट्रॉन पाचव्या पातळीवरून मूळ पातळीवर आले, तर वर्णपटात जास्तीत जास्त किती रेषा उमटतील? अकरावीच्या विज्ञान विद्यार्थ्यांना हा प्रश्न हमखास भेटतो. उत्तर १०. ‘नीट’मध्ये असे एक उत्तर चुकले की चार गुण हुकतात आणि वर एक गुण वजा होतो.

नील्स बोर यांनी १९१३ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवरून खाली उतरताना दोन पातळ्यांतील फरकाइतकी ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर टाकतो. म्हणजेच पातळ्यांची प्रत्येक जोडी एक रेषा देते. पाच जणांनी एकमेकांशी हस्तांदोलन केले तर दहाच वेळा हात मिळतात, तसेच हे आहे. पातळीच्या क्रमांकाला त्याहून एकने कमी संख्येने गुणावे व दोनने भागावे. या १० पैकी ४ रेषा लायमन (अतिनील), ३ बामर (दृश्य), २ पाश्चन आणि १ ब्रॅकेट श्रेणीत पडते. शेवटच्या दोन्ही श्रेणी अवरक्त.

खरी फसगत होते ती ‘एकच अणू’ या शब्दांनी. एकट्या अणूतील इलेक्ट्रॉन एका उतरणीत पायरी-पायरीने आला तरी चारच रेषा देऊ शकतो. दहा रेषांसाठी असंख्य अणू हवेत. सूत्र घोकणारे नेमके येथेच अडखळतात.

या रेषांचा वऱ्हाडाशीही संबंध आहे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणात जॉन एव्हरशेड यांनी नागपूर रेल्वेमार्गावरील तळणी येथे (बुलडाणा जिल्ह्यातील त्याच नावाचे गाव नव्हे) सूर्याच्या वर्णावरणाचा वर्णपट छायाचित्रित केला. बामर श्रेणीची पहिली रेषा ६५६.३ नॅनोमीटरवर, तांबडी. पुढे ४८६.१, ४३४.० अशा त्या जवळ जवळ येत ३६४.६ नॅनोमीटरच्या मर्यादेपाशी दाटतात. एव्हरशेड यांच्या छायाचित्रात या मर्यादेपलीकडेही अखंड प्रकाश होता. त्याचे स्पष्टीकरण तेव्हा कोणापाशीच नव्हते; बोर यांचे प्रतिमान यायला पंधरा वर्षे अवकाश होता. अणूबाहेरचा मोकळा इलेक्ट्रॉन कोणत्याही ऊर्जेचा असू शकतो. तो थेट दुसऱ्या पातळीत पकडला गेला की त्याची सुटी रेषा उमटत नाही, सलग पट्टा उमटतो आणि तेथे मोजणी थांबते. एव्हरशेड पुढे कोडाईकनाल वेधशाळेत आले.