चाळीस फुटांचा कॅमेरा आणि नऊ इंचांचा

परक्या देशात पहिल्यांदाच फोटो काढायला निघालेल्या जोडप्याने तयारी काय करावी, असे कोणी विचारले की उत्तर बहुधा सामानाच्या यादीने सुरू होते. वास्तविक यादीच्या आधी एक प्रश्न येतो : फोटो नेमका कशाचा काढायचा आहे? या प्रश्नाचे उत्तर बदलले की सामान किती बदलते, याचे एक सुरेख उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १८९८ च्या जानेवारीतल्या ग्रहणासाठी दोन जोडपी दोन वेगवेगळ्या देशांतून आजच्या महाराष्ट्रात आली. फोटो दोघांनाही सूर्याचाच हवा होता. एकाच्या कॅमेऱ्याची लांबी चाळीस फूट होती, दुसरा हातात उचलून नेता येईल एवढा होता.

२२ जानेवारी १८९८, शनिवार. त्या दिवशी चंद्राची सावली कोकण किनाऱ्यावर उतरली आणि देश, वऱ्हाड, मध्य प्रांत असे करत ईशान्येकडे बिहारपर्यंत गेली. खग्रास अवस्था आपल्याकडे जेमतेम दोन मिनिटांची. पण जानेवारी म्हणजे कोरडे, निरभ्र आकाश, आणि सावलीच्या पट्ट्यातून जाणारी आगगाडी. शेकडो मण सामान घेऊन येणाऱ्यांना या दोन गोष्टी पुरेशा होत्या. पुलगाव, तळणी, जेऊर ही वेधकर्त्यांच्या तळांची नावे वाचली तर रेल्वेचे वेळापत्रक वाचल्यासारखे वाटते. अपवाद विजयदुर्गाचा. तेथे नॉर्मन लॉकयर समुद्रमार्गे आले, मदतीला नौदलाचे खलाशी होते. (किल्ल्यावरचे ‘साहेबाचे कट्टे’ दाखवून तेथे १८६८ मध्ये हेलियमचा शोध लागला असे अजून सांगितले जाते. लॉकयर १८६८ मध्ये भारतात आलेच नव्हते. सूर्याच्या वर्णपटातील ती पिवळी रेषा त्यांनी इंग्लंडमधून तपासली. वर्गात सांगताना हा घोटाळा टाळावा.)

काळ मात्र पाहुण्यांसाठी सोयीचा नव्हता. मुंबईत १८९६ पासून प्लेग होता. १८९७ मध्ये पुण्यात त्यावरून काय घडले ते सर्वांना ठाऊक आहे. दुष्काळाचे वर्षही नुकतेच सरले होते.

एवढे करून काय पाहायचे होते? सूर्याभोवतीचे अतिशय विरळ वायूचे आवरण, म्हणजे करोना. (हा शब्द अलीकडे भलत्याच कारणाने घरोघरी पोचला, पण मूळ अर्थ मुकुट.) त्याचा एकूण प्रकाश सूर्याच्या सुमारे दशलक्षांश असतो, म्हणून एरवी तो दिसत नाही. शिवाय तो सर्वत्र सारखा उजळही नाही. सूर्याच्या कडेजवळ तो चांगला तेजस्वी, तर दूरवर आकाशाच्या उजेडात विरून जाईल इतका मंद असतो. कडेचे फोटो नीट यावेत एवढेच एक्स्पोजर दिले तर बाहेरचा भाग काचेवर उमटतच नाही. बाहेरचा उमटावा म्हणून ते वाढवले तर आतला भाग जळून जातो. एका काचेवर दोन्ही मिळत नाहीत. कोणता करोना हवा हे घरून निघतानाच ठरवावे लागते.

कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्पबेल यांना आतला करोना बारीक तपशिलासह हवा होता. ग्रहणासाठी केलेली त्यांची ही पहिलीच मोहीम. पत्नी एलिझाबेथ बरोबर होत्या. तळ पडला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील प्राध्यापक कावसजी नेगमवाला यांचा तळही तेथेच होता. कॅम्पबेल यांच्या कॅमेऱ्याचे भिंग पाच इंच व्यासाचे आणि नाभीय अंतर चाळीस फूट होते. सूर्याच्या प्रतिमेचा व्यास साधारणपणे नाभीय अंतराच्या १०८ व्या भागाइतका असतो. म्हणजे काचेवरचा सूर्य सव्वाअकरा सेंटिमीटरचा.

चाळीस फुटांची नळी सूर्यामागे फिरवणार कशी? ती फिरवायचीच नाही, ही यातली युक्ती, आणि ती कॅम्पबेल यांचे लिकमधील सहकारी शेबर्ली यांची. ग्रहणाच्या क्षणी सूर्य आकाशात जेथे असणार त्या दिशेला कॅमेरा आधीच कायमचा रोखून ठेवायचा, आणि खाली फोटोची काच घड्याळाच्या यंत्राने सरकवत राहायची. हिशेब करून पाहा : पृथ्वीच्या फिरण्यामुळे ही प्रतिमा सेकंदाला पाऊण मिलिमीटरहून थोडी अधिक सरकते. सूर्य त्या वेळी क्षितिजावर सुमारे ५० अंशांवर होता, म्हणजे भिंग काचेपेक्षा तीस फूट उंच हवे. या व्यवस्थेत आयत्या वेळी नेम बदलता येत नाही. परक्या मुलखात, नकाशावर कधी न पाहिलेल्या गावाचे अक्षांश-रेखांश अचूक काढायचे, घड्याळ ताऱ्यांवरून लावायचे, त्यावरून दिशा ठरवायची, आणि मग सूर्याने स्वतःहून नळीसमोर यायचे! माझ्या मते या मोहिमेतले खरे धाडस प्रवासापेक्षा या गणितावर विसंबण्यात होते.

दुसरे जोडपे वऱ्हाडात, धामणगाव आणि पुलगाव यांच्यामधल्या तळणीला होते : ॲनी आणि वॉल्टर माँडर. ॲनी रसेल केंब्रिजच्या गिर्टन कॉलेजात गणित शिकल्या आणि १८९१ मध्ये ग्रिनिचच्या वेधशाळेत महिना चार पौंडांवर गणक म्हणून लागल्या. रोज सूर्याचे फोटो काढणे आणि त्यावरचे डाग मोजणे हे काम. १८९५ मध्ये त्यांनी त्याच विभागाचे प्रमुख वॉल्टर माँडर यांच्याशी लग्न केले आणि नियमाप्रमाणे नोकरी गेली. विवाहित स्त्रीला सरकारी नोकरीत जागा नव्हती. सूर्याचे फोटो काढण्याचा चार वर्षांचा रोजचा सराव असलेली व्यक्ती एका सहीनिशी हौशी ठरली!

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १८९६ मध्ये, दोघे ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या मंडळींबरोबर नॉर्वेला ग्रहणासाठी गेले, पण ढगांनी काही दिसू दिले नाही. म्हणजे हाती काही लागेल असा पहिला प्रवास भारताचाच. ॲनी यांच्याजवळ आता स्वतःचा कॅमेरा होता. आकाशगंगेचे फोटो काढण्यासाठी गिर्टनकडून मिळालेल्या शिष्यवृत्तीतून त्यांनी तो करवून घेतला होता. डॅलमायर कंपनीचे भिंग, व्यास दीड इंच, नाभीय अंतर नऊ इंच. त्यावर सूर्याची प्रतिमा येणार दोन मिलिमीटरची, तुरीच्या दाण्याहूनही लहान.

मग तो घेऊन एवढ्या लांब यायचे कशासाठी? वीस वर्षांपूर्वी, १८७८ च्या ग्रहणात, अमेरिकेतील पाइक्स पीक या उंच डोंगरावरून सॅम्युअल लँग्ली यांना करोना सूर्याच्या कित्येक व्यासांपर्यंत पसरलेला नुसत्या डोळ्यांनी दिसला होता. फोटोत मात्र तसे काही येत नव्हते. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की काचेवर? ॲनी यांना हा बाहेरचा करोना पकडायचा होता, आणि आकाशगंगेसाठी केलेला कॅमेरा त्याला अगदी योग्य होता. दोन्ही गोष्टी मंद आणि पसरट.

विद्यार्थ्यांसमोर फळ्यावर मांडावे असे गणित येथे आहे. पसरट वस्तूची प्रतिमा किती उजळ पडेल हे भिंगाच्या नुसत्या व्यासावर नव्हे, तर नाभीय अंतर भागिले व्यास या गुणोत्तरावर अवलंबून असते. कॅम्पबेल यांचे गुणोत्तर ४८० इंच भागिले ५, म्हणजे ९६. ॲनी यांचे ९ भागिले दीड, म्हणजे ६. उजळपणा गुणोत्तराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. सोळाचा वर्ग २५६. त्या इवल्या कॅमेऱ्यात काचेच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर जेऊरच्या राक्षसाच्या २५६ पट प्रकाश पडत होता! उलट, सूर्याच्या कडेवरचा बारीक तपशील टिपण्याची बाब असेल तर दोन मिलिमीटरच्या सूर्यावर काय दिसणार? तेथे चाळीस फुटांना पर्याय नाही.

ग्रहण लागले तेव्हा दोन्ही ठिकाणी आकाश स्वच्छ होते. दोन मिनिटांत विचार करायला सवड नसते. कोणी सेकंद मोजायचे, कोणी झाकण उघडायचे, कोणी वापरलेली काच घेऊन नवी द्यायची, याची अशा तळांवर आधी पुन्हापुन्हा तालीम होई. काम करणाऱ्यांपैकी कित्येकांना ग्रहण नीट पाहायलाही मिळत नसे, हे त्यातले दुःख.

जेऊरच्या काचांवर आतल्या करोनाचा तपशील मोठ्या आकारात मिळाला. तळणीला ॲनी यांच्या काचेवर सूर्यापासून निघालेला एक लांबच लांब किरण उमटला होता. त्याची लांबी भरली सुमारे ६० लाख मैल, सूर्याच्या त्रिज्येच्या जवळजवळ चौदा पट. तोवर कोणाच्याही फोटोत इतका लांब किरण आला नव्हता. लँग्लींचे डोळे अगदीच खोटे बोलत नव्हते. तो किरण चाळीस फुटांच्या कॅमेऱ्यात पूर्ण घ्यायचा झाला असता तर जवळजवळ ऐंशी सेंटिमीटर लांब काच लागली असती, आणि तीही बहुधा कोरीच राहिली असती.

कॅम्पबेल पतिपत्नी पुढे अनेक ग्रहणांना एकत्र गेली. १९२२ मध्ये ऑस्ट्रेलियातील वॉलाल येथे त्यांच्या तुकडीने ताऱ्यांचे जे फोटो घेतले त्यांनी आइन्स्टाइनच्या भाकिताला बळकटी आणली. ॲनी यांनी १९०१ मध्ये मॉरिशसला पुन्हा ग्रहण टिपले. पती सरकारी खर्चाने गेले, त्या स्वतःच्या. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने १८९२ मध्ये त्यांना सदस्यत्व नाकारले होते, ते १९१६ मध्ये दिले.

जेऊरच्या कॅमेऱ्यातला सूर्य शाळेतही पाहता येतो. छोट्या आरशावर एक सेंटिमीटरचे छिद्र असलेला कागद चिकटवा. आरसा उन्हात ठेवून त्याचा कवडसा अंधाऱ्या वर्गातल्या, बारा मीटर दूरच्या भिंतीवर पाडा. (आरशात कोणी डोकावणार नाही याची काळजी घ्या.) छिद्र कोणत्याही आकाराचे असो, भिंतीवर वर्तुळच दिसेल, आणि पट्टीने मोजले तर त्याचा व्यास अकरा-बारा सेंटिमीटर भरेल. मग भिंतीवर खडूने त्या वर्तुळाच्या केंद्रापासून चौदा त्रिज्या मोजा आणि ॲनी यांचा किरण कोठवर जातो ते मुलांना काढू द्या.